कळतं पण वळत नाही, मग सॉक्रेटिस चुकला का?

पत्र थोडक्यात: लिहिणारे अडतिशीचे, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, घरी बायको आणि मुलगी. वर्षभर दर रविवारी मित्रांच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये प्लेटो वाचतायत. 'सद्गुण म्हणजे ज्ञान, जाणूनबुजून कोणी वाईट वागत नाही' हे सॉक्रेटिसचं म्हणणं त्यांना एकदम पटलं होतं. पण आई गावी थोरल्या भावाकडे असते, तिचं औषधपाणी, दवाखाना सगळं भाऊ-वहिनीच बघतात, त्यात आपण काहीतरी उचललं पाहिजे हे यांना दोन वर्षं कळतंय, तरी ना पैशाचा विषय काढला ना आठवडाभर जाऊन राहिले. घरात वादही वाढलेत. सासऱ्यांनी घातलेल्या सत्यनारायणाला यांनी 'भक्ती म्हणजे नेमकं काय, व्याख्या सांगा' असं लावून धरलं आणि सासरे पानावरून उठून गेले. त्या रात्री बायको म्हणाली, 'एवढं वाचून तुझ्यात काय फरक पडला ते सांग.' त्यांचे प्रश्न तीन: सॉक्रेटिस चुकला का? वाचन बंद करू का? की ॲरिस्टॉटल घेऊ, तो म्हणे जास्त प्रॅक्टिकल आहे?

नमस्कार,

तुमच्या तीन प्रश्नांपेक्षा तुमच्या बायकोचा एक प्रश्न जास्त सॉक्रेटिसछाप आहे हे आधी सांगून टाकते. अथेन्सच्या बाजारात तो म्हातारा लोकांना फिरून फिरून साधारण हेच विचारायचा, फक्त जरा लांबण लावून. त्यामुळे मी तिचाच प्रश्न धरून चालणार आहे, तुमचे तीन वाटेत येतीलच.

आधी ज्या वाक्यावर तुम्ही अडलायत ते बघू. ते वाक्य सुटं काढून भिंतीवर लावलं की बावळट वाटतं. ज्याला चांगलं कळतं तो चांगलंच वागणार, मी वागत नाही, म्हणजे एकतर सॉक्रेटिस खोटा नाहीतर मी. पण प्लेटोच्या 'प्रोटागोरस' नावाच्या संवादात तो या मुद्द्यावर येतो तेव्हा सगळं जग आपल्या विरुद्ध आहे हे त्याला पक्कं माहीत असतं. तो म्हणतो की लोकांच्या मते ज्ञान म्हणजे एखादा गुलाम, कधी राग ओढून नेतो, कधी सुख, कधी प्रेम, पुष्कळदा भीती, आणि ते बिचारं मागे फरफटत. म्हणजे आपलं 'कळतं पण वळत नाही' त्याने भरपूर ऐकलं होतं. लोक असं सांगतात हे त्याला मान्य आहे, तो एवढंच म्हणतो की जे झालं म्हणून तुम्ही सांगताय ते नीट तपासून बघा, तसं झालेलंच नसतं.

मग काय झालेलं असतं? तर माप चुकलेलं असतं. जवळचं मोठं दिसतं, लांबचं लहान दिसतं, आणि सुखदुःखाच्या बाबतीतही आपण असंच फसतो असं त्याचं म्हणणं. भावाला फोन लावल्यावर 'काय रे, आज कशी आठवण झाली' हे जे एक वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल ते नाकासमोर आहे म्हणून डोंगराएवढं, आणि उद्या आई नसताना जे वाटणार आहे ते लांब आहे म्हणून ठिपक्याएवढं. ज्याला हे अंतर वजा करून मोजता येतं त्याला कळतं, बाकीच्यांना कळल्यासारखं वाटतं. त्यामुळे त्याच्या हिशोबात तुमचं ज्ञान मोहापुढे हरलं असं झालेलंच नाही, त्या त्या रविवारी तुम्हाला फोन न करणंच बरं वाटलं, बास.

मला हे पूर्ण पटतं का? नाही पटत. आणि बहुतेक प्लेटोलाही पुढे ते पुरलं नाही, कारण 'रिपब्लिक'च्या चौथ्या भागात त्यानेच लिओन्टियसची गोष्ट घातलीय. हा गृहस्थ पिरियस बंदराकडून शहराकडे येत होता, उत्तरेकडच्या तटाच्या बाहेरून, तर तिथे जल्लादाजवळ प्रेतं पडलेली दिसली. बघावंसंही वाटलं आणि किळसही आली. थोडा वेळ तोंड झाकून स्वतःशी भांडला, मग हरला, धावतच गेला आणि डोळे फाडून बघत स्वतःच्याच डोळ्यांना म्हणाला, घ्या मेल्यांनो, घ्या बघून पोटभर. (हायवेवर ॲक्सिडेंट झाला की पलीकडच्या लेनमध्येसुद्धा गाड्यांची रांग का लागते ते यावरून कळावं.) या माणसाचं माप चुकलेलं नाहीये. आपण करतोय ते घाणेरडं आहे हे त्याला त्याच क्षणी कळतंय आणि तरी तो बघतोय. म्हणून प्लेटो तिथे मनाचे तीन भाग करतो, विचार करणारा, चिडणारा आणि हवंहवंसं वाटणारा, आणि त्यांची आपसात भांडणं होतात असं म्हणतो. म्हणजे तुमचा पहिला प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही, सॉक्रेटिसच्या शिष्यानेच तो विचारून ठेवलाय.

ॲरिस्टॉटल तर सरळच म्हणतो की सॉक्रेटिसचं हे म्हणणं डोळ्यांना दिसतं त्याच्या उलट आहे. पण गंमत पुढे आहे. 'निकोमाकियन एथिक्स'च्या सातव्या भागात तो एवढं म्हणून थांबत नाही, तो विचारतो की कळणं कळणं म्हणता ते कुठल्या प्रकारचं? ज्ञान जवळ असणं वेगळं आणि ते त्या वेळी कामात असणं वेगळं. झोपलेल्या माणसाकडे ज्ञान असतंच की. दारू प्यायलेला माणूस एम्पेडोक्लीस या जुन्या तत्त्वज्ञाच्या कविता घडाघडा म्हणून दाखवतो, म्हणून त्याला त्या कळतायत असं होत नाही. आणि नुकतंच शिकायला लागलेले विद्यार्थी, ते वाक्यं छान जुळवतात पण त्यांना अजून कळलेलं नसतं, ते त्यांच्या अंगात मुरायला लागतं आणि त्याला वेळ लागतो. एवढं सगळं सांगून झाल्यावर तो जवळजवळ कबूल करतो की या अर्थाने सॉक्रेटिस म्हणत होता तसंच काहीसं निघतंय. सॉक्रेटिस चुकला का, याचं माझं उत्तर साधारण इथेच आहे. मुरलेलं ज्ञान हरत नाही यावर दोघांचं फारसं भांडण नाही, भांडण आहे ते आपण कशाकशाला ज्ञान म्हणायचं यावर.

आता तुमच्याकडे येते. पत्रात तुम्ही 'मला पूर्ण कळतं' असं लिहिलंय आणि पुढे 'आईसाठी काहीतरी केलं पाहिजे' असं लिहिलंय. हे काहीतरी म्हणजे काय हो? आईला कुठली औषधं चालू आहेत? महिन्याला किती लागतात? दवाखान्यात पुढची तारीख कधी आहे, कोण घेऊन जातं, त्या दिवशी भावाचं काम बुडतं का? वहिनी शेवटची माहेरी राहायला कधी गेली होती? पत्र बऱ्यापैकी मोठं आहे तुमचं, प्लेटोचे चार संवाद त्यात नावानिशी आहेत, आणि आईच्या आजाराबद्दल 'औषधपाणी' हा एकच शब्द आहे. मला टोचायचं म्हणून नाही सांगत. तुम्ही ज्याला कळतं म्हणताय ते एक वाक्य आहे, बरोबर वाक्य आहे, पण त्याच्या पोटात काही माहिती नाही. सॉक्रेटिससमोर हे वाक्य तुम्ही बोलला असता तर त्याने पाच मिनिटांत तुमच्याकडून वदवून घेतलं असतं की बाबा रे मला नीटसं माहीत नाही. आणि ते वदवून घेतल्याशिवाय पुढची पायरीच नाही त्याच्याकडे.

हा मुद्दा नीट बघायचा तर 'लाखेस' वाचा. तुमच्या ग्रुपने ते घेतलं नाहीये असं दिसतंय, लोक बहुधा नाव ओळखीचं नाही म्हणून सोडून देतात, माझ्या मते सुरुवात करणाऱ्याला यासारखं दुसरं नाही. दोन वयस्कर बाप, लिसिमाखस आणि मेलेसियस. दोघांचेही वडील अथेन्समधली बडी मंडळी, आणि दोघांनाही मनात सल असा की वडील शहराच्या कारभारात गुंतले आणि आम्हाला मोकाट सोडलं, आमच्या हातून काही झालं नाही, निदान आमच्या मुलांचं तरी नीट व्हावं. चिलखत घालून लढायची कला शिकवणारा एकजण आलेला असतो, तर त्याच्याकडे मुलांना घालावं का हे विचारायला ते निकियास आणि लाखेस या दोन सेनापतींना गाठतात. एक म्हणतो घाला, दुसरा म्हणतो फालतू आहे ते. मग लिसिमाखस सॉक्रेटिसला म्हणतो, आता तू मत दे म्हणजे बहुमत होईल. आणि सॉक्रेटिस म्हणतो, मुलांचं भलं कशात आहे हे काय हात वर करून ठरवायचं का, ज्याला यातलं कळतं त्याला विचारू, तर मग कळतं कोणाला ते आधी शोधू. क्लास लावावा की नाही इथून निघालेली गाडी अशी धैर्य म्हणजे काय इथे येऊन पोचते.

त्यात निकियास एक इशारा देतो. म्हणतो, या माणसाशी तुम्ही कुठल्याही विषयावर बोलायला बसा, शेवटी तुम्ही आत्तापर्यंत कसे जगलात आणि आत्ता कसे जगताय याचा हिशोब दिल्याशिवाय तो सोडत नाही. दुसरा सेनापती लाखेस म्हणतो, मला सॉक्रेटिसच्या बोलण्याची सवय नाही, पण त्याची करणी मी पाहिलीय. डेलियमला इ.स.पू. ४२४ मध्ये अथेन्सचं सैन्य हरून पळत होतं तेव्हा सॉक्रेटिस लाखेसच्या बरोबरीने माघार घेत होता, आणि बाकीचे त्याच्यासारखे वागले असते तर शहरावर ती नामुष्की आली नसती असं लाखेसचं सर्टिफिकेट आहे. ज्याचं बोलणं आणि करणं एका सुरात लागतं त्याचं मी ऐकतो, नुसतं बोलणाऱ्याचा मला वैताग येतो, आणि जितका छान बोलेल तितका जास्त येतो, हे लाखेसचं म्हणणं. तुमच्या बायकोच्या वाक्याचं हे जुनं व्हर्जन समजा.

पुढे धैर्याची व्याख्या करायची वेळ येते तेव्हा लाखेसची पंचाईत होते. रांग सोडून पळत नाही तो धीराचा, असं तो म्हणतो, आणि सॉक्रेटिस ते लगेच मोडतो. मग निकियास येतो आणि भारी व्याख्या देतो, कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये याचं ज्ञान म्हणजे धैर्य. ही त्याची स्वतःची नाहीये बरं का, माणूस ज्यात शहाणा असतो त्यातच चांगला असतो हे त्याने सॉक्रेटिसकडूनच ऐकलेलं असतं, तसं तो सांगतोही. आणि सॉक्रेटिस त्याच्या या व्याख्येचीही चिरफाड करतो, स्वतःचंच वाक्य समोरून आलं म्हणून सोडत नाही. चर्चा चालू असताना तो जाता जाता एक गोष्ट बोलतो, की युद्धात कायद्याने सेनापती ज्योतिष्याच्या वर असतो, ज्योतिषी सेनापतीच्या वर नाही.

आता वाचणाऱ्या अथेन्सकरांना पुढचं माहीत होतं. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत सिरॅक्यूजला अथेन्सचं आरमार अडकलं होतं, निघायची तयारी झाली होती, आणि त्या रात्री चंद्रग्रहण लागलं. ज्योतिष्यांनी सांगितलं की सत्तावीस दिवस हलू नका. सेनापती निकियास होता. त्याने ज्योतिष्यांचं ऐकलं, त्याआधी हलायची चर्चाही नको म्हणाला, निघायची वेळ गेली, अख्खं सैन्य बुडालं आणि त्याला स्वतःलाही पकडून मारलं. कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये याची व्याख्या ज्याला तोंडपाठ होती तोच हा माणूस. प्लेटोने हे संवादात कुठेही लिहिलेलं नाही, त्याला लिहायची गरजच नव्हती.

तुम्ही सध्या निकियास आहात असं मला वाटतं. वाक्य बरोबर, स्रोत उत्तम, आणि ग्रहण लागलं की पाय हलत नाहीत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सॉक्रेटिसच्या इतक्या जवळ बसलेल्या माणसाचं हे झालं तर रविवारच्या दीड तासात तुमचं झालं यात नवल काय. पण औषध काय आहे ते यावरून कळतं. अजून एक व्याख्या मिळाली की होईल असं जर वाटत असेल तर नाही होणार.

सासऱ्यांचं प्रकरण मात्र वेगळं आहे आणि तिथे मी तुमची बाजू घेणार नाही. तुम्ही 'युथिफ्रो' वाचलंय, त्यातूनच ती व्याख्येची आयडिया आली असणार. पण युथिफ्रो कोण होता ते आठवा. घरच्या एका मजुराने दारूच्या नशेत गुलामाला मारलं म्हणून बापाने त्या मजुराला बांधून खड्ड्यात टाकलं आणि तो तिथे मेला, त्याबद्दल स्वतःच्या बापावर खुनाचा दावा लावायला निघालेला, आणि देवाधर्माचं मला जेवढं कळतं तेवढं कोणालाच कळत नाही असं कोर्टाच्या दारात उभं राहून सांगणारा. अशा माणसाला सॉक्रेटिस विचारतो की बरं मग सांग, भक्ती म्हणजे काय. ज्यांनी ज्ञानाचा दावा केलाय त्यांनाच तो धरायचा, पुढाऱ्यांना, कवींना, कारागिरांना. तुमच्या सासऱ्यांनी काय दावा केला होता? ते आपल्या घरी पूजा घालत होते. पोथी झाली, प्रसाद झाला, पानं वाढली, आणि जावयाने उलटतपासणी काढली. त्या खोलीत आपल्याला नक्की कळतं अशा खात्रीने बसलेला एकच माणूस होता, आणि तो सासरा नव्हता.

हे होणार हे सॉक्रेटिसलाही माहीत होतं. इ.स.पू. ३९९ मध्ये सत्तराव्या वर्षी खटल्यात उभा राहून तो सांगतो की श्रीमंत घरातली रिकामटेकडी पोरं माझं बघून लोकांची परीक्षा घेत फिरतात आणि ज्यांची परीक्षा होते ते चिडतात माझ्यावर. प्लेटो तर 'रिपब्लिक'मध्ये म्हणतो की वादाची चव नवीन नवीन लागलेली पोरं कुत्र्याच्या पिल्लांसारखी असतात, जवळ येईल त्याला ओढायचं आणि फाडायचं. म्हणून त्याने नियमच घातला होता की तिशीपर्यंत कोणाच्या हातात हे द्यायचंच नाही. तुम्ही तिशी ओलांडलीय त्यामुळे ती सबबही नाही.

मग वाचन बंद करायचं का? माझं मत, करू नका. बंद केलंत तर भावाला फोन जाईल असं थोडंच आहे, फक्त रविवार सकाळ मोकळी होईल आणि ती वेबसिरीजमध्ये जाईल. शिवाय हे जे टोचतंय ना, की मला कळतं म्हणत होतो आणि बहुतेक कळत नाही, ते वाचनानेच आलंय आणि ते कामाचं आहे. 'मेनो'त तो गुलाम मुलगा आठवतो का? सॉक्रेटिस जमिनीवर दोन फूट बाजूचा चौरस काढतो, क्षेत्रफळ चार, आणि म्हणतो याच्या दुप्पट आठचा चौरस काढ, बाजू किती? मुलगा बिनधास्त सांगतो, दुप्पट, चार फूट. काढून बघतात तर सोळा. मग म्हणतो तीन फूट, ते निघतात नऊ. मग तो गप्प होतो आणि म्हणतो देवाशप्पथ मला माहीत नाही. त्यावर सॉक्रेटिस मेनोला म्हणतो बघ, आपण याचं काही वाईट केलं का? मगाशी हा चार लोकांत छातीठोक सांगत सुटला असता, आता निदान शोधायला तरी तयार आहे. आणि मग कर्णावर येऊन उत्तर सापडतं. तुम्ही त्या नऊच्या चौरसावर आलेले आहात. इथून उठून जायचं नसतं.

पण ग्रुपमध्ये जे कराल ते बदला. घरी एकही वाक्य कोट करायचं नाही, निदान दिवाळीपर्यंत. आणि पुस्तक उघडायच्या आधी भावाला फोन, याच रविवारी, ग्रुप सुरू व्हायच्या आधी. फोनवर माफीचं भाषण नको, 'मला फार गिल्टी वाटतंय रे' तर अजिबात नको, कारण मग तो बिचारा तुम्हालाच समजावत बसेल आणि तुम्ही हलके होऊन फोन ठेवाल. नुसतं विचारायचं: औषधांना किती लागतात, पुढची तारीख कधी, त्या दिवशी मी येऊन नेलं तर चालेल का. 'राहू दे, आम्ही बघतोय' असं तो म्हणणारच, थोरले भाऊ म्हणतातच, त्यावर 'बरं' म्हणून सुटायचं नाही. आकडा कळला की बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून टाका, पगाराच्या दुसऱ्या दिवशीची. आणि एक आठवडा रजा टाकून गावी जा, पण पाहुणा म्हणून जाऊ नका, वहिनीला आधीच विचारा की तुम्हाला कुठल्या आठवड्यात माहेरी जायचंय, त्या आठवड्यात जा.

तुम्ही म्हणाल की ऑटो डेबिट म्हणजे सद्गुण थोडाच. बरोबर आहे, नाहीच. पण 'मेनो'च्या शेवटाकडे सॉक्रेटिस म्हणतो की लारिसा नावाच्या शहराचा रस्ता माहीत असलेला माणूस तुम्हाला तिथे नेईल आणि ज्याचा नुसता अंदाज बरोबर आहे तोही नेईल, पोचायच्या दृष्टीने फरक नाही. अडचण एवढीच की नुसतं बरोबर मत हे डीडॅलस या दंतकथेतल्या कारागिराच्या पुतळ्यांसारखं असतं, बांधून ठेवलं नाही तर पळून जातं, आणि बांधायचं म्हणजे ते बरोबर का आहे याचा विचार करून ते पक्कं करायचं. तुमचं 'काहीतरी केलं पाहिजे' दोन वर्षं असंच दर रविवारी येऊन संध्याकाळपर्यंत पळून जातंय. आईजवळ आठवडाभर राहिलात, गोळ्या कुठली कधी हे हाताने दिलंत, रात्री ती किती वेळा उठते ते बघितलंत, की का ते आपोआप कळेल आणि मग ते पळणार नाही असं मला वाटतं. तोवर दर महिन्याला पैसे पोचू देत, सद्गुणाचं नंतर बघू.

सासऱ्यांकडेही जा. समोर बसून सॉरी म्हणा, स्पष्टीकरण नको. मग जमलं तर एक खरा प्रश्न विचारा, म्हणजे ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही असा. ही पूजा त्यांच्या घरी कोणी सुरू केली, ते स्वतः लहानपणापासून बसायचे का, कधी बंद करावीशी वाटली का. आणि उत्तर आल्यावर 'पण' म्हणायचं नाही.

याच वाटेवरून नव्याने निघालेले बरेच जण असतात, मला अधूनमधून अशी पत्रं येतात, त्यांच्यासाठीही थोडं सांगते. सुरुवात छोट्या संवादांनी करा, 'युथिफ्रो', मग खटल्यातलं भाषण 'अपॉलॉजी', मग 'लाखेस', मग 'मेनो'. एका बैठकीत एक होतो. पात्रं वाटून मोठ्याने वाचा, नाटकासारखं, कारण मनात वाचलं की आपण आपोआप सॉक्रेटिसच्या बाजूने जाऊन बसतो आणि समोरच्याला हसतो. वाटून घेतलं की कोणालातरी लाखेस व्हावं लागतं. जिथे समोरचा माणूस फसतो तिथे थांबून विचारायचं की मी असतो तर काय उत्तर दिलं असतं, दहातल्या नऊ वेळा तेच दिलं असतं. सुविचारांच्या इमेजेस वाचून सॉक्रेटिस कळत नाही, त्यातलं बरंचसं त्याचं नसतंच. 'मला एवढंच माहीत आहे की मला काही माहीत नाही' हेसुद्धा प्लेटोत या शब्दांत कुठे सापडत नाही, तो 'अपॉलॉजी'त म्हणतो ते जास्त साधं आहे, की जे मला माहीत नाही ते माहीत आहे असं मी समजत नाही. आणि शेवटी उत्तर मिळत नाही म्हणून वैतागू नका. 'लाखेस' संपतो तेव्हा धैर्याची व्याख्या झालेली नसतेच, पण म्हातारा लिसिमाखस म्हणतो की मीसुद्धा मुलांबरोबर शिकायला बसतो, उद्या सकाळी घरी ये.

राहिला ॲरिस्टॉटल. घ्या, पण तो प्रॅक्टिकल आहे म्हणजे सोपा आहे या समजुतीत घेऊ नका. तो म्हणतो घरं बांधून माणूस गवंडी होतो, लायर वाजवून वादक होतो, तसा न्यायाने वागून वागून न्यायी होतो, म्हणजे शॉर्टकट नाहीच. योग्य गोष्ट, योग्य माणसाशी, योग्य वेळी, योग्य तेवढी, आणि हे मोजायचं यंत्र देत नाही तो. उलट म्हणतो की आपण कुठे झुकतो ते बघावं आणि स्वतःला विरुद्ध बाजूला ओढावं, वाकडं लाकूड सरळ करतात तसं. तुम्ही बोलण्याकडे झुकता, म्हणून फोनवर भाषण नको म्हटलं. पहिल्या भागापासून सुरू करू नका, सुख म्हणजे काय यात अडकाल. दुसरा भाग आधी घ्या, नऊच प्रकरणं आहेत, छोटी. त्यातलं चौथं बायकोबरोबर बसून वाचा. तिथे तो अशा लोकांबद्दल बोलतो जे सद्गुणाची कृती करत नाहीत, चर्चेच्या आडोशाला जातात आणि आपण तत्त्वज्ञान करतोय म्हणजे चांगले होऊ असं समजतात, डॉक्टरचं सगळं मन लावून ऐकणाऱ्या आणि सांगितलेलं काहीच न करणाऱ्या पेशंटसारखे. मोठ्याने वाचायचं काम बायकोकडे द्या. सातवा भाग, ज्यात ते दारूडे आणि कविता आहेत, तो गावाहून परत आल्यावर.